काळ्या स्क्रीनवरचा माउस

"माउस? अहो, माउस काय घेऊन बसलात! काळ्या स्क्रीनवर हत्ती चालवून दाखवतो, हत्ती!"

टकटकराव हे बोलले तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती सासूबाई, बायको, मेहुणी आणि साडू एवढे साक्षीदार हजर होते. त्यामुळे पुढे कधी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायची सोयच उरली नाही!

टकटकराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कीबोर्ड असा बडवायचे की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं, पत्र्यावर गारा पडताहेत. सासूबाईंची मोठी रोपवाटिका होती. तिथल्या पॉलिहाउसांमधले फवारे, पंखे, वरची सावलीची जाळी, इतकंच काय, जेवणाच्या सुट्टीचा भोंगासुद्धा ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवरून चालायचा. आणि तो चालवणारा प्रोग्राम टकटकरावांनी लिहिला होता, स्वतःच्या हातांनी! काळा कुळकुळीत स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं, बस्स. चित्र नाही, रंग नाही, नखरे नाहीत. 'फ' दाबलं की फवारे, 'प' दाबलं की पंखे, 'ज' म्हणजे जाळी, 'भ' म्हणजे भोंगा, आणि 'ब' दाबलं की सगळं बंद. इतका साधा प्रोग्राम की सासूबाई एका हातात चहाचा कप धरून तो दुसऱ्या हातानं चालवायच्या.

दुखणं होतं साडूंचं. साडू टच-स्क्रीनची मशिनं विकायचे. त्यांचे बूट चकचकीत, गाडी चकचकीत, बोलणं तर त्याहून चकचकीत, म्हणून टकटकरावांनी मनातल्या मनात त्यांचं नाव चकाचक ठेवलं होतं. ते मनातून कधी बाहेर पडलं आणि घरभर झालं, ते त्यांनाही कळलं नाही. तर त्या दिवशी चकाचक जेवता जेवता अगदी गोड आवाजात म्हणाले होते, "दादा, तुमचा प्रोग्राम चांगलाच आहे हो. पण हल्ली बटणं कोण बडवतं? जग बोटावर चाललंय. तुमच्या त्या काळ्या स्क्रीनवर साधा माउससुद्धा चालत नाही."

"चालत नाही?" टकटकराव उसळले. "मी चालवला नाही म्हणून चालत नाही!" आणि मग तो हत्ती आला.

सासूबाई शांतपणे पाणी प्यायल्या. त्या कमी बोलायच्या आणि बोलल्या की विषय संपायचा.

"पुढच्या आठवड्यात गच्चीबागवाल्या बाई येणार आहेत," त्या म्हणाल्या. "उंच उंच इमारतींच्या गच्च्यांवर बागा करतात त्या. त्यांचं काम मिळालं तर आपल्याला दुसरीकडे बघायला नको. त्यांच्यासमोर ऑफिस जरा आजच्या काळातलं दिसलं पाहिजे. मोठे जावई, तोवर तुमचा माउस चालला तर तुमचा प्रोग्राम राहील. नाही चालला, तर धाकट्यांचं मशीन बसवू."

"चालेल म्हणजे काय, धावेल!" टकटकराव म्हणाले.

"धावायला नको," बायको हळूच म्हणाली. "चालला तरी पुरे."

टकटकराव दुसऱ्या दिवशीच कामाला लागले. आता काळ्या स्क्रीनवर माउस चालवायचा म्हणजे काय, ते जरा समजून घ्या. हा स्क्रीन म्हणजे चौकोनांची वही. ओळी आणि रकाने, प्रत्येक चौकोनात एक अक्षर. आपण क्लिक केलं की ज्या खिडकीत तो उघडतो ती खिडकी प्रोग्रामला आकड्यांत निरोप धाडते : अमुक रकाना, तमुक ओळ, डावं बटण दाबलं. तिथे फवारे आहेत की पंखे, हे तिला कुठलं ठाऊक! ते प्रोग्रामनं ताडायचं. पण हे निरोप आपोआप येत नाहीत, ते मागून घ्यावे लागतात. टकटकरावांनी मागितले. आणि मागायचेच तर हात आखडता कशाला, म्हणून नुसत्या क्लिकचेच नव्हे, तर माउस जरा हलला तरी त्याचेही निरोप मागितले. कारण माउस ज्या चौकटीवर जाईल ती उजळली पाहिजे, अशी त्यांची हौस होती. चकाचकांच्या मशीनवर उजळायची ना!

दोन-तीन दिवसांत जमलं! 'पंखे' लिहिलेल्या चौकटीवर माउस नेला, चौकट उजळली. क्लिक केलं, पलीकडच्या पॉलिहाउसात पंखे घरघरले. टकटकरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली, प्रोग्राम बंद केला आणि ही बातमी सांगायला ते घराकडे धावले.

त्यांची पाठ वळली आणि ऑफिसात माळीकाका आले. माळीकाका म्हणजे रोपवाटिकेचे मुख्य माळी, आवाज असा की पाण्याच्या टाकीत बोलावं. त्यांनी टेबल पुसायला घेतलं आणि पुसता पुसता माउस सरकवला. झालं! स्क्रीनवर आकडे उमटले. अजून सरकवला, अजून आकडे! ३५;४१;१२एम३५;४२;१२एम३५;४३;१३एम... ओळीच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. काका दचकले, फडकं टाकून दारात आले आणि ओरडले,

"बाई! धावा! कॉम्प्युटरला उलट्या होताहेत!"

सासूबाई धावल्या. बायको धावली. टकटकराव अर्ध्या वाटेतून परत धावले. आणि नेमके त्याच वेळी, मशीनसाठी भिंतीचं माप घ्यायला म्हणून, चकाचक दारात उभे!

"व्हायरस," चकाचक डॉक्टरांसारखी मान हलवत म्हणाले. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'दादांच्या कॉम्प्युटरची तब्येत बरी नाही. काळजी नसावी.' लगेच चुलतसासऱ्यांचा फोन आला, दादांची तब्येत कशी आहे? त्यांनी अर्धंच वाचलं होतं.

"मला काहीही झालेलं नाही!" टकटकराव फोनवर गरजले. "आणि कॉम्प्युटरलाही नाही!"

झालं होतं ते एवढंच. आत शिरताना त्यांनी माउसचे निरोप मागितले होते, पण बाहेर पडताना 'आता पुरे' म्हणायचं राहून गेलं होतं. प्रोग्राम निघून गेला तरी निरोप येतच होते, आणि घ्यायला कुणी नाही म्हणून सगळे उंबऱ्यातच सांडत होते. टकटकरावांनी प्रोग्रामच्या शेवटी एक ओळ घातली. उलट्या थांबल्या.

"बघितलंत?" ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "एका ओळीत बरा केला! व्हायरस म्हणे!"

"अजून काही राहिलं नाही ना?" बायकोनं विचारलं. ती रोपांची विक्री बघायची आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिला प्रश्न विचारायची सवय लागली होती. "म्हणजे, खिडकी लहानमोठी झाली तर काय होतं?"

टकटकराव नुसते हसले. हा प्रश्न त्यांना येणारच होता! खिडकीचा आकार बदलला की प्रोग्रामला तशी हाक येते. ती ऐकायची आणि सगळं नव्यानं मांडायचं. त्यांनी बायकोसमोर खिडकीचा कोपरा धरून ओढला. खिडकी अरुंद झाली आणि एका ओळीतल्या चौकटी पटापट दोन ओळींत जाऊन बसल्या, शाळेतल्या कवायतीसारख्या! परत रुंद केली, चौकटी परत एका ओळीत.

"कशी वाटली?"

"छान. आणि चालतात का त्या, जागा बदलल्यावर?"

"चालतात का म्हणजे? दिसल्या ना तुला?"

दिसल्या होत्या. क्लिक मात्र कुणीच करून बघितलं नव्हतं!

गच्चीबागवाल्या बाई ठरल्या दिवशी आल्या. अंगात पांढरा शुभ्र सदरा, पायात मजबूत बूट, बोलणं तुटक. आल्या आल्या त्यांनी एका रोपाचं खोड दोन बोटांत धरून हलवून बघितलं आणि नाक मुरडलं.

"तुम्हा पॉलिहाउसवाल्यांची झाडं लाडावलेली असतात. माझ्या गच्च्यांवर वारा कसा असतो ते ठाऊक आहे? आठवड्यात माना टाकतात. मागच्या तिघांकडून घेतली, तिघांचीही गेली."

"आमची नाही टाकत," सासूबाई म्हणाल्या. "आणि आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही आत जाऊन उभ्या राहा, मी इथून जाळी उघडून दाखवते."

बाई, बायको आणि माळीकाका पॉलिहाउसात गेले. ऑफिसच्या काचेतून ते तिघं समोर दिसत होते. बायकोनं फोन लावून ठेवला, सासूबाईंनी तो स्पीकरवर घातला. सासूबाई खुर्चीत बसल्या, टकटकराव त्यांच्या उजवीकडे, छाती काढून. डावीकडे चकाचक, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

सासूबाईंनी माउस हातात घेतला आणि डोळे बारीक केले.

"अक्षरं फारच बारीक आहेत हो."

"त्यात काय, आई!" चकाचकांनी चपळाईनं हात पुढे केला आणि दोन बटणं दाबली. अक्षरं मोठी झाली. आता अक्षरं मोठी झाली म्हणजे खिडकीत मावणारे चौकोन कमी झाले. टकटकरावांच्या प्रोग्रामला हाक गेली, त्यानं ती इमानेइतबारे ऐकली आणि चौकटी दोन ओळींत नेऊन बसवल्या. किती देखणं दिसत होतं ते!

"बघा!" टकटकराव साडूंना म्हणाले. "आपोआप!"

सासूबाईंनी 'जाळी' या चौकटीवर क्लिक केलं.

पॉलिहाउसातले सगळे फवारे सुरू झाले.

"अगं आई, पाणी!" फोनमधून बायको किंचाळली.

"पाणी नाही, जाळी," सासूबाई म्हणाल्या.

"जाळी नाही, पाणी!"

"अगं, मी जाळीच दाबलंय!"

"पण पाणीच आलंय!"

काचेतून दिसत होतं. गच्चीबागवाल्या बाईंचा पांढरा सदरा अंगाला चिकटला होता, आणि माळीकाकांनी प्रसंगावधान राखून रोपांचा रिकामा ट्रे बाईंच्या डोक्यावर धरला होता. त्या ट्रेला तळाशी भोकं असतात हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. आता बाईंच्या डोक्यावर पाणी शिस्तीत पडत होतं.

"माझ्याकडून चुकून दाबलं गेलं असेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी अगदी जपून 'फवारे' या चौकटीवर क्लिक केलं.

पंखे सुरू झाले, पूर्ण वेगात!

पॉलिहाउसाच्या कोपऱ्यात कोकोपीटचं उघडं पोतं होतं. नारळाच्या काथ्याचा तो तपकिरी भुसा क्षणात हवेत उधळला आणि ओल्या माणसांवर जाऊन बसला. आता आत तीन माणसं आहेत की तीन कुंड्या, ते काचेतून ओळखू येईना!

आणि तेव्हा टकटकरावांनी कपाळावर हात मारला. त्यांना सगळं कळलं. खिडकी बदलल्यावर चौकटी नव्या जागी मांडायच्या, हे त्यांनी प्रोग्रामला शिकवलं होतं. पण कोणत्या जागेवर क्लिक केलं म्हणजे काय, ही यादी प्रोग्राम सुरू होताना एकदा बनायची ती बनायची. पंखे बिऱ्हाड बदलून खालच्या ओळीत राहायला गेले होते, पण पोस्टमन अजून जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत होता!

फोनमधून बायकोचा आवाज आला, अर्धा वाऱ्याचा, "अहो! कीबोर्डवरून बंद करा ना! 'ब' दाबा, 'ब'!"

खरं सांगायचं तर तिथेच सगळं संपलं असतं. एक बोट, एक बटण. पण टकटकरावांनी डावीकडे पाहिलं. चकाचक हसत नव्हते. ते नुसते ओठ आवळून उभे होते, म्हणजे हसण्याहून वाईट.

"नाही!" टकटकराव गरजले. "माउस चालतो म्हणून सांगितलंय, तर माउसनंच बंद होणार! आई, 'पंखे' दाबू नका, त्याच्या जरा वर, डावीकडे, त्या मोकळ्या जागेत दाबा!"

"मोकळ्या जागेत काहीच नाही तिथे!"

"आहे! दिसत नाही, पण 'बंद'ची जुनी जागा तिथेच आहे!"

सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की मुलगी देताना नीट चौकशी केली होती ना आपण! पण त्यांनी क्लिक केलं.

भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी! शेताच्या टोकापर्यंतच्या सगळ्या माळ्यांनी हातातली खुरपी ठेवली आणि डबे घेऊन ते रमतगमत झाडांखाली निघाले. जाताना त्यांनी पॉलिहाउसातल्या वादळाकडे पाहिलं, मालकीणबाईंचं काहीतरी चाललंय असं ठरवलं आणि डबे उघडले.

"थांबा!" टकटकराव म्हणाले. "खिडकी पहिल्यासारखी केली की सगळं जागेवर येईल!"

आणि त्यांनी खिडकीचा कोपरा धरला. पण माउस सासूबाईंच्या हातात, सासूबाईंच्या हातावर टकटकरावांचा हात, आणि "दादा, असं नाही, पूर्ण मोठी करा!" म्हणत त्यावर चकाचकांचा हात. एका माउसवर तीन हात! एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. खिडकी रुंद झाली, अरुंद झाली, परत रुंद झाली. प्रोग्रामला हाकांवर हाका. बिचारा प्रत्येक हाकेला धावून चौकटी मांडत होता, मांडून होत नाही तोच परत हाक! चौकटी वर, चौकटी खाली, स्क्रीन लपलप करायला लागला. शेवटी तिघांनी मिळून एक जोराचा हिसका दिला आणि खिडकी आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. तेवढ्या जागेत एकही चौकट मावेना. असं काही होईल याचा टकटकरावांनी विचारच केला नव्हता. प्रोग्रामनं प्राण सोडला.

फवारे सुरूच. पंखे सुरूच. भोंगासुद्धा सुरूच!

"अहो-ओ-ओ!" फोनमधून आवाज आला आणि भोंग्यात बुडाला.

"काही नाही, परत सुरू करतो!" टकटकरावांनी खिडकी मोठी केली आणि कीबोर्डवर झेप घेतली. प्रोग्रामचं नाव फक्त 'बाग'. एवढंसं लिहायचं होतं. त्यांनी 'बा' लिहिलं आणि स्क्रीनवर उमटलं : बा३५;५१;१४एम३५;५१;१५एम.

उलट्या! ती ओळ त्यांनी प्रोग्रामच्या शेवटी घातली होती ना, दारातून बाहेर पडताना 'आता पुरे' म्हणायची? पण प्रोग्राम या वेळी दारातून गेलाच नव्हता. तो खिडकीतून पडला होता.

"आई, माउस सोडा!"

"का सोडू? मी धरून ठेवलाय म्हणून एवढ्यावर निभावतंय!"

"तुमचा हात हलतोय आई, आकडे येताहेत!"

"माझा हात हलत नाही! तुम्ही टेबल हलवताय!"

तेही खरंच होतं. टकटकरावांचा कीबोर्डवरचा हात असा, की एक अक्षर आपटलं की टेबल हले, टेबल हललं की माउस हले आणि माउस हलला की आकडे सांडत. ते खोडायचे, परत लिहायचे, आणि 'बा' आणि 'ग' यांच्यामध्ये दर वेळी आकड्यांची वरात!

"दादा," चकाचक मऊ आवाजात म्हणाले, "माझं मशीन गाडीतच आहे. आणू?"

त्या एका वाक्यानं टकटकरावांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. ते टेबलाखाली शिरले, माउसची वायर मुठीत धरली आणि शेपूट धरून उंदीर बिळातून ओढावा तशी कॉम्प्युटरमधून उपटली! सासूबाईंच्या हातात नुसता माउस राहिला. टकटकराव वर आले, डोक्याला टेबल लागलं त्याची पर्वा न करता 'बाग' लिहिलं आणि 'ब' असं दाबलं, की ते बटण बरेच दिवस आत रुतून बसलं.

सगळं बंद! फक्त पाणी टपटपण्याचा आवाज.

दार उघडलं. आत बाई आल्या. पांढरा सदरा आता तपकिरी होता, केसांतून थेंब गळत होते, भुवयांवर भुसा. नुकतंच कुणीतरी कुंडीतून उपटून आणल्यासारख्या दिसत होत्या. मागे बायको, तशीच. सर्वांत मागे माळीकाका, ट्रे अजून धरलेलाच.

चकाचक पुढे झाले. "बाई, झाल्या प्रकाराबद्दल आम्ही..."

"कशी वाटली आमची वादळ-चाचणी?" टकटकराव मोठ्यानं म्हणाले.

बायकोनं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही म्हणालात ना, लाडावलेली झाडं? आम्ही नुसतं बोलत नाही, बाई. करून दाखवतो! पाणी, वारा, आवाज, सगळं एकदम! जा, आत जाऊन बघा. एक रोप जरी आडवं झालं असेल तर हा प्रोग्राम मी आजच फेकून देतो!"

बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग काही न बोलता वळल्या आणि पॉलिहाउसात गेल्या. काचेतून त्या ओळीमागून ओळ चालताना दिसत होत्या, रोपं हलवताना, मुळाशी बोट घालताना. टकटकरावांना आयुष्यात पहिल्यांदाच स्क्रीन सोडून झाडांकडे एवढ्या भक्तिभावानं बघावंसं वाटलं.

त्या परत आल्या.

"चाचणी-बिचणी काही नव्हती, तेवढं मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण झाडं उभी आहेत. सगळी. काम तुम्हाला दिलं. एका अटीवर : माझ्या प्रत्येक खेपेच्या रोपांना आधी हे वादळ द्यायचं. अगदी असंच." आणि टॉवेल मागून निघून गेल्या.

टकटकराव त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हते! पण प्रोग्राम मात्र त्यांनी मनावर घेतला. पुढचे कितीतरी दिवस ते बसले. आता खिडकी बदलली की पोस्टमनच्या हातात त्याच क्षणी नवे पत्ते. धडाधड हाका आल्या तर सगळ्यांना धावायचं नाही, हाका थांबल्या की एकदाच मांडायचं. खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली तर प्राण न सोडता 'कृपया खिडकी मोठी करा' एवढं म्हणायचं. आणि दारातून जा, खिडकीतून पडा, माउसला 'आता पुरे' सांगितल्याशिवाय जायचं नाही. बायकोनं मुद्दाम वेडीवाकडी खिडकी ओढून ओढून क्लिक केलं. पंखे म्हटलं की पंखे, जाळी म्हटलं की जाळी. एकदाही चुकला नाही!

शिवाय त्यांनी 'वादळ' अशी एक नवी चौकट केली. तिच्यावर क्लिक केलं की आधी थोडं पाणी, मग थोडा वारा, मग परत पाणी. बाई पहिल्या खेपेसाठी आल्या, या वेळी रेनकोट घालून. त्यांनी ते पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे वादळ नाही, वेळापत्रक आहे. पुढे काय येणार ते झाडांनासुद्धा कळतंय. त्या दिवशीसारखं करा."

मग चकाचकांनी आपलं मशीन लावून बघितलं. खूप खटपट केली बिचाऱ्यांनी, घाम गाळला. पण मशीन चांगल्या कंपनीचं. पंख्यावर बोट ठेवलं की पंखाच लागायचा!

"धाकट्यांचं मशीन चुकतच नाही हो," सासूबाई हताश होऊन म्हणाल्या. मग मोठ्या जावयाकडे वळल्या. "तुमचं ते जुनं, बिघडलेलं, ठेवलंय का कुठे?"

"आई!" टकटकराव दुखावले. "मी एवढी मेहनत करून ते नीट केलंय! आता माउस इतका अचूक चालतो, की..."

"अचूक नकोय. ठेवलंय का?"

ठेवलं होतं. टकटकराव काहीच टाकून देत नसत. जुना प्रोग्राम परत लावला गेला. आता खेप निघायच्या आधी सासूबाई खुर्चीत बसतात, अक्षरं मोठी करतात आणि मनाला येईल तिथे क्लिक करतात. पाणी येतं, वारा येतो, मधूनच भोंगा होतो. माळी डबे घेऊन निघतात आणि अर्ध्या वाटेतून परत येतात. बाई खूश आहेत.

चकाचकांनी आपलं मशीन खोक्यात घालून गाडीत ठेवलं, त्या दिवशी टकटकराव मुद्दाम फाटकापर्यंत गेले. गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाले, "काय मग? जमलं का तुमच्या टच-स्क्रीनला?"

"नाही जमलं, दादा," चकाचक मान खाली घालून म्हणाले. "मानलं तुम्हाला."

टकटकराव छाती फुगवून, जवळजवळ उड्या मारत घरात आले.

"हरला! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यानं!"

"काय कबूल केलं?" बायकोनं विचारलं.

"हेच, की कितीही महागाचं मशीन आणलं, तरी माझ्या प्रोग्रामइतका गोंधळ कुणालाही..."

टकटकराव थांबले. वाक्य पुढे कुठे जातंय ते त्यांना दिसलं. बायको पदराआड हसू दाबत होती.

"बोला ना," ती म्हणाली. "थांबलात का?"

"काही नाही," टकटकराव म्हणाले. "जिंकलो, एवढंच."